पाचवी प्रत

३१ जानेवारी २०१७ : गिटलॅबच्या एका रात्रीचा घटनाक्रम

सगळा मिळून ऐवज होता सुमारे ३१० जीबीचा. एवढा डेटा शर्टाच्या खिशात मावणाऱ्या डिस्कवर बसतो आणि वर जागा उरते. पण तो ज्या कंपनीचा होता, तिचा धंदाच मुळी दुसऱ्यांचे काम सांभाळून ठेवण्याचा. गिटलॅब डॉट कॉमवर जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात. कोणाला कोणती चूक सापडली, कोणी कोणता बदल सुचवला, त्यावर काय वादावादी झाली, तेही तिथेच साठते. कोड असतो वेगळ्या सर्व्हरांवर. खाती, चर्चा, तक्रारी, प्रकल्पांच्या नोंदी असतात एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. दुकानाच्या भाषेत बोलायचे तर माल गोदामात आणि खातेवही गल्ल्यापाशी. त्या रात्री गोदामाला धक्काही लागला नाही. खातेवही गेली.

ती जाऊ नये म्हणून एक-दोन नव्हे, पाच उपाय केलेले होते. मुख्य डेटाबेसला एक जुळा सर्व्हर होता, मुख्य पडला तर त्याने उभे राहायचे. रोज एकदा सगळ्या डेटाबेसची प्रत काढली जाई. ती प्रत ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत चढवली जाई. मायक्रोसॉफ्टच्या ॲझुर क्लाउडमध्ये डिस्कचे स्नॅपशॉट घेण्याची सोय होती. आणि पाचवी प्रत अशी, की ती बॅकअप म्हणून घेतलीच जात नव्हती. ती होती चाचणीच्या सर्व्हरसाठी. तिच्याकडे लक्ष ठेवा.

पुढच्या सगळ्या वेळा यूटीसीमध्ये आहेत. भारताचे घड्याळ त्यापुढे साडेपाच तास. नोंदी कंपनीने त्या रात्री आणि नंतर स्वतःच जगापुढे उघड्या केल्या, म्हणून हा हिशेब मिनिटांपर्यंत मांडता येतो.

उणे दोन-तीन महिने

२०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गिटलॅबमध्ये साठवणुकीवरच खल चालला होता. क्लाउड सोडायचा, स्वतःचे सर्व्हर विकत घ्यायचे, असा विचार कंपनीने जाहीरपणे मांडला. कोणत्या डिस्क घ्याव्यात, किती घ्याव्यात, नेटवर्क कसे असावे, याची यादी लोकांपुढे ठेवून सल्ले मागवले. जाणकारांनी ते भरभरून दिले. हा विषयच असा आहे की त्यावर प्रत्येकाला मत असते. डिस्क की क्लाउड, हे की ते, यावर महिनाभर बोलता येते. आधी काढून ठेवलेली प्रत परत उतरते का, हे बघायला एक दुपार पुरते. त्या दुपारवर मात्र कोणी मत देत नाही.

उणे ६ तास. १७:२० यूटीसी, भारतात रात्रीचे १०:५०

एक डेटाबेस इंजिनीअर कामाला बसतो. मुख्य डेटाबेसवरचा भार अनेक सर्व्हरांत वाटून देता येईल का, हे त्याला पाहायचे आहे. प्रयोग चालू धंद्यावर करायचा नाही, एवढी शिस्त पक्की आहे. त्यासाठी ‘स्टेजिंग’ नावाचा वेगळा सर्व्हर असतो, नाटकाच्या तालमीच्या जागेसारखा. तिथे खऱ्या डेटाची प्रत उतरवतात आणि मग हवे ते करून बघतात.

ही प्रत रोज पहाटे १ वाजता आपोआप येते. मुख्य सर्व्हरच्या डिस्कचा, त्या क्षणी ती जशी आहे तसा, एलव्हीएम स्नॅपशॉट काढायचा आणि स्टेजिंगवर चढवायचा. पण त्या संध्याकाळपर्यंत पहाटेची प्रत शिळी झालेली होती आणि भाराचा अंदाज घ्यायला ताजा डेटा हवा होता. इंजिनीअरने हाताने एक नवा स्नॅपशॉट काढला आणि स्टेजिंगवर उतरवला.

काही वाचवावे असा त्यात हेतू नव्हता. तालमीला नवे कपडे हवे होते, इतकेच.

उणे साडेचार तास. १९:०० च्या सुमारास, भारतात मध्यरात्र उलटून अर्धा तास

मुख्य डेटाबेसवरचा भार वाढू लागतो. संशय स्पॅम करणाऱ्यांवर. आठवडाभर असे झटके येतच होते, आजचा जोराचा आहे. लोकांना चर्चेत उत्तर लिहिता येईना. प्रयोग बाजूला पडतो आणि आग विझवण्याचे काम सुरू होते.

एक गोष्ट नंतर उघड झाली. भारातला काही वाटा घरातूनच येत होता. गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कोणीतरी गैरवापराची तक्रार केली होती, आणि ते खाते चुकून काढून टाकण्याच्या रांगेत लागले होते. त्या माणसाशी जोडलेला सगळा डेटा पुसण्याचे काम पडद्यामागे इमानेइतबारे चालू होते.

उणे अडीच तास. २१:०० यूटीसी, भारतात पहाटेचे २:३०

डेटाबेसमध्ये नवे काही लिहिले जाईना. साइट अधूनमधून बंद पडते. चमू स्पॅम करणाऱ्यांचे आयपी पत्ते अडवतो, त्यांची खाती काढतो. एका खात्यातून तर ४७,००० वेगवेगळे आयपी पत्ते लॉगिन करत होते. कोणीतरी गिटलॅबवरच्या आपल्या जागेचा वापर फाइली वाटण्याचे फुकट केंद्र म्हणून करत होता. तेही खाते जाते.

उणे दीड तास. २२:०० यूटीसी, भारतात पहाटेचे ३:३०

धोक्याची सूचना येते : जुळा सर्व्हर मागे पडला आहे. सोयीसाठी मुख्य सर्व्हरला पहिला म्हणू, जुळ्याला दुसरा. पहिल्यावर झालेला प्रत्येक बदल एका नोंदपट्टीत लिहिला जातो आणि दुसरा ती पट्टी वाचत पाठोपाठ चालतो. आज पहिल्यावर इतके लिहिले गेले, की दुसरा सुमारे ४ जीबी मागे राहिला. आणि पट्टीचे जुने तुकडे पहिला सर्व्हर काही वेळाने पुसून टाकतो. दुसऱ्याला जे वाचायचे होते, ते त्याने वाचण्याआधीच पुसले गेले. हे तुकडे वेगळ्या जागी जपून ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे, पण ती इथे चालू केलेली नव्हती.

आता एकच मार्ग : दुसरा पूर्ण रिकामा करायचा आणि पहिल्यावरून नव्याने सगळे उतरवून घ्यायचे.

इंजिनीअरच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले होते. उशीर झाला, आता मी उठतो, असे त्याने सांगितलेही होते. मग ही सूचना आली आणि तो थांबला.

उणे अर्धा तास. २३:०० यूटीसी, भारतात पहाटेचे ४:३०

दुसऱ्या सर्व्हरची डेटाची डिरेक्टरी पुसली जाते. ठरवून, आणि योग्य तेच. यानंतर जुळा सर्व्हर ही प्रत उरलेली नाही. पाचातला एक उपाय गेला. पण पहिला चालू आहे, म्हणून काळजी कोणाला वाटत नाही.

प्रत उतरवून घेण्याची आज्ञा असते पीजी-बेसबॅकअप. ती दिली. ती गप्प. काय चालले आहे ते सविस्तर सांग, असा पर्याय जोडून पुन्हा दिली. तरी गप्प. दोन-तीन खेपांनंतर एक तक्रार उमटली, की पहिल्या सर्व्हरवर जुळ्यांसाठीच्या जोडण्या पुरेशा नाहीत. मर्यादा ३ होती, ती ३२ केली. तर पहिला पुन्हा सुरूच होईना. कारण एकूण जोडण्यांची मर्यादा ८,००० अशी अफाट ठेवलेली. ती २,००० वर आणली, तेव्हा तो उठला. पुन्हा बेसबॅकअप. पुन्हा गप्प. आज्ञेच्या पोटात काय चालले आहे ते दाखवणारे एक साधन लावून बघितले. ती कशाची तरी वाट बघते आहे, एवढेच त्यातून कळले.

ती खरोखरच वाट बघत होती. पहिल्या सर्व्हरने डेटा पाठवायला सुरुवात करेपर्यंत ही आज्ञा काही न बोलता बसून राहते, हा तिचा स्वभाव आहे. तो माहीत असलेला सहकारी त्या वेळी हजर नव्हता. कंपनीच्या कार्यपुस्तिकेत ते लिहिलेले नव्हते. आज्ञेच्या अधिकृत माहितीतही ते स्पष्ट नव्हते.

काही न बिघडता गप्प बसलेली ही एक आज्ञा त्या रात्री सगळ्यांना अस्वस्थ करत होती. सगळे बिघडूनही गप्प बसलेली यंत्रणा दुसरीकडेच होती. तिच्या शांततेची कोणालाच आठवण नव्हती.

शून्य. २३:२७ यूटीसी, भारतात पहाटेचे ४:५७

इंजिनीअरला वाटते, आधीच्या खेपांनी दुसऱ्या सर्व्हरच्या डिरेक्टरीत काही फाइली मागे राहिल्या असाव्यात. डिरेक्टरी पूर्ण रिकामी नाही म्हणून आज्ञा अडून बसली असावी. तर पुन्हा पुसू.

त्याच्यापुढे दोन खिडक्या आहेत. दोन्ही काळ्या, दोन्हींत तसलीच पांढरी अक्षरे. दोन्ही सर्व्हरांच्या नावांत फरक एका अंकाचा. एकात १, दुसऱ्यात २.

तो पुसण्याची आज्ञा देतो. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात येते, की हा पहिला आहे.

आज्ञा तोडली जाते. ३१० जीबीपैकी सुमारे साडेचार जीबी शिल्लक.

फाइल पुसणे म्हणजे डिस्कवरचा कण न् कण घासून काढणे नव्हे. ‘ही जागा आता मोकळी’ असे यादीत लिहिले की झाले. म्हणून लिहायला अनेक वर्षे लागलेला डेटा जायला दोन सेकंद पुरतात.

अधिक काही मिनिटे

आता बॅकअप. इतका वेळ सगळे ज्याच्या भरवशावर होते, ते आता पहिल्यांदाच उघडून बघायचे होते.

पहिला उपाय, जुळा सर्व्हर. तो अर्ध्या तासापूर्वी आपणच पुसला. पुसला नसता, तरी चार जीबी मागे आणि तुटलेला. शिवाय जुळा हा जुळाच असतो. मुख्य डेटाबेसमध्ये कोणी चुकून एक नोंद उडवली असती, तर तीच चूक त्याने क्षणात उचलली असती. तो ठेवलेला असतो यंत्र बिघडले तर. माणूस चुकला तर त्याचा उपयोग नाही.

दुसरा आणि तिसरा उपाय, रोजची प्रत आणि ती जिथे चढवली जाते ती एस-थ्रीची साठवण. साठवण उघडली. रिकामी. इतर कुठे अलीकडची प्रत सापडते का पाहिले. नाही.

कारण एखाद्या बोधकथेत शोभावे असे आहे. डेटाबेस होता पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा. प्रत काढणारे साधन, पीजी-डम्प, चालत होते ९.२ चे. आवृत्ती जुळत नाही म्हटल्यावर ते चूक दाखवून थांबे. मग ९.२ चेच का? आपल्याला कोणती आवृत्ती लागेल, हे गिटलॅबचे पॅकेज डेटाच्या डिरेक्टरीतली एक छोटी फाइल वाचून ठरवी. प्रत काढण्याचे काम ज्या सर्व्हरवर होते, त्यावर डेटाबेसच नव्हता, म्हणून ती फाइलही नव्हती. फाइल नाही, तर मग जुनी आवृत्ती धरून चाला, असे त्याने परस्पर ठरवले होते.

चूक झाली की ईमेल जावी, ही व्यवस्थाही होती. ईमेल जातही होती. पण खोट्या नावाने पाठवलेल्या ईमेली ओळखण्यासाठी कंपनीने डीमार्क नावाची पडताळणी लावलेली होती, आणि आपोआप चालणाऱ्या कामांच्या ईमेली त्या पडताळणीत बसत नव्हत्या. त्या दारातूनच परत जात. पहारेकरी रोज हाक मारत होता आणि घराचे दार हाक आत येऊ देत नव्हते. बाकीच्यांना ऐकू येत होती ती शांतता. शांतता म्हणजे सगळे ठीक, असे आपण सगळेच धरून चालतो.

चौथा उपाय, ॲझुरचे डिस्क-स्नॅपशॉट. कोडाच्या फाइली ज्या सर्व्हरवर होत्या तिथे ते चालू होते. डेटाबेसच्या सर्व्हरवर लावलेलेच नव्हते. कारण? बाकीचे उपाय पुरेसे आहेत, असे वाटले होते. शिवाय हे स्नॅपशॉट परत आणणे किती वेळखाऊ असते याचा अनुभव गाठीशी होता. एकदा त्याला आठवड्याहून जास्त वेळ लागला होता. चौथा पहिल्या तिघांच्या जिवावर निवांत होता. पहिला तिसऱ्याच्या. तिसरा कोणाच्या जिवावर होता, हे कोणी विचारले नव्हते.

त्या रात्रीच्या उघड्या नोंदवहीत चमूने लिहून टाकले, की लावलेल्या पाचही उपायांपैकी एकही भरवशाने चालत नाही, किंवा मुळात लावलेलाच नाही.

उरला पाचवा. तालमीच्या सर्व्हरवर सहा तासांपूर्वी हाताने उतरवलेली प्रत.

श्रावणातली सोमवारची खुलभर दुधाची कहाणी इथे आठवल्याशिवाय राहत नाही. राजाला शंकराचा गाभारा दुधाने भरायचा असतो. तो गावाला हुकूम सोडतो, घराघरांतले सगळे दूध देवळात येते, गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी खुलभर दूध घेऊन येते आणि तेवढ्याने तो भरतो. ती कहाणी इथे अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी शेवटी.

अधिक अडीच तास. १ फेब्रुवारी, ०१:५८ यूटीसी, भारतात सकाळचे ७:२८

त्या इंजिनीअरने नोंदवहीत लिहून ठेवले आहे, की सर्वाधिकाराच्या आज्ञा आज यापुढे आपण न चालवलेल्याच बऱ्या. सूत्रे सहकाऱ्याच्या हाती जातात. पहिल्या सर्व्हरवर जे काही उरले आहे, ते आधी जपून बाजूला काढले जाते. संकटात माणूस हेच विसरतो आणि दुरुस्तीच्या नादात उरलेसुरलेही घालवतो. इथे ते झाले नाही. मग स्टेजिंगवरून मुख्य सर्व्हरवर डेटा आणणे सुरू होते.

आणि दुसरे सत्य कळते : प्रत असणे एक, ती वेळेत परत येणे दुसरे. तालमीच्या जागेला भारी डिस्क कशाला, म्हणून स्टेजिंगला मंद डिस्क दिलेल्या होत्या. वेग सेकंदाला सुमारे ६० मेगाबिट. हिशेब कोणीही करावा : ३०० जीबी म्हणजे २४ लाख मेगाबिट, भागिले ६०, चाळीस हजार सेकंद. कुठेही न अडखळता ११ तास. दोन्ही सर्व्हर क्लाउडच्या दोन वेगळ्या विभागांत, म्हणून वाटेतले अडखळणे वेगळे.

दरम्यान कंपनीने एक अनपेक्षित गोष्ट केली. नोंदवही सगळ्यांना वाचायला खुली ठेवली आणि दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवायला सुरुवात केली. एका वेळी पाच हजारांहून अधिक माणसे एक आकडा पुढे सरकताना बघत बसली. अनोळखी इंजिनीअर धीराचे निरोप पाठवत होते. हसणारे कमी होते. दोन सारख्या खिडक्यांपुढे मध्यरात्री कोण बसलेले नाही?

अधिक पावणेनऊ तास. ०८:०७ यूटीसी, भारतात दुपारचे १:३७

आकारमानाने ४२ टक्के.

भारतात तो अर्थसंकल्पाचा दिवस होता. पहिल्यांदाच फेब्रुवारीच्या १ तारखेला मांडलेला. पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत ज्यांचे काम गिटलॅब डॉट कॉमवर होते, त्यांची साइट पहाटे पाचला गेली होती आणि रात्री साडेअकराला येणार होती. म्हणजे आपल्याकडचा पूर्ण कामाचा दिवस. कोडाच्या प्रती प्रत्येक प्रोग्रॅमरच्या संगणकावर असतातच, गिटची रचनाच तशी आहे. त्यामुळे हात पूर्ण थांबले नाहीत. बदल तपासून घेणे, ते मुख्य कोडात मिळवणे, ग्राहकाला पुढचे काही पाठवणे मात्र थांबले.

अधिक साडेसतरा तास. १७:०० यूटीसी, भारतात रात्रीचे १०:३०

डेटाबेस उभा राहतो. पण एक तुकडा कमी आहे. एखादा बदल झाला की बाहेरच्या यंत्रणांना आपोआप वर्दी देणारे ‘वेबहुक’ स्टेजिंगवर उतरताना मुद्दाम पुसले जात, नाहीतर तालमीतली वर्दी खऱ्या ग्राहकाच्या दारात जाऊन पोहोचायची. म्हणून एलव्हीएम स्नॅपशॉटवरून आणखी एक वेगळे स्टेजिंग उभारले, पुसण्याची ती पायरी वगळली, आणि वेबहुकांचे कोष्टक तिथून उचलून आणले.

आणखी एक बारीक काम केले, ते शिकण्यासारखे. नव्या नोंदींना मिळणारे क्रमांक एकदम १ लाखाने पुढे ढकलले. हरवलेल्या सहा तासांत दिले गेलेले क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणाला मिळू नयेत म्हणून. खातेवहीची पाने फाटली, तर पुढची पावती फाटलेल्या पानांवरच्या क्रमांकाने फाडायची नसते.

अधिक साडेअठरा तास. १८:०० यूटीसी, भारतात रात्रीचे ११:३०

साइट सुरू. १७:२० ते मध्यरात्र या वेळात लिहिले गेलेले कायमचे गेले : फार तर पाच हजार प्रकल्प, पाच हजार प्रतिक्रिया आणि सातशे नवी खाती. कोड सुखरूप.

हिशेब

१० फेब्रुवारीला कंपनीने सविस्तर अहवाल जाहीर केला. इंजिनीअरच्या चुकीवर त्यात शाई वाया घालवलेली नाही. प्रश्न पुढे पुढे विचारत नेले आहेत : पुसले का गेले? मग परत का आणता आले नाही? बॅकअप का नव्हता? तो नसल्याचे कळले का नाही? पुढच्या कामांच्या यादीत होते : स्नॅपशॉट दिवसातून एकदाऐवजी तासाला, बॅकअप झाला की नाही याची नजर-यंत्रणा, प्रत परत उतरवून बघण्याची आपोआप होणारी चाचणी, खऱ्या आणि तालमीच्या सर्व्हरांच्या खिडक्या चटकन वेगळ्या ओळखू याव्यात अशी खूण. आणि एक ओळ, माझ्या मते सगळ्यांत मोलाची : डेटा टिकवण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे द्यावी. पाच उपायांना तोवर एक मालक नव्हता.

ही झाली मोठ्या कंपनीची गोष्ट. सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या सीएच्या ऑफिसला, औषधाच्या घाऊक दुकानाला, छपाईच्या कारखान्याला बॅकअप निवडायचा असतो, तेव्हा प्रश्न येतो तो ‘हार्ड डिस्क घेऊ की क्लाउड घेऊ’ असा. हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे.

पहिला : किती वेळाचे काम पुन्हा करणे परवडेल? गिटलॅबला सहा तासांचे गमवावे लागले. स्नॅपशॉट हाताने घेतला नसता तर साडेबावीस तासांचे गेले असते. टॅलीत दिवसाला वीस नोंदी करणाऱ्याला रोज रात्रीची प्रत पुरते. काउंटरवर तासाला दोनशे बिले फाडणाऱ्याला नाही.

दुसरा : किती वेळ दुकान बंद ठेवणे परवडेल? क्लाउडमधून ३०० जीबी उतरवायला आपल्या ऑफिसच्या इंटरनेटवर किती तास लागतील, हा भागाकार आजच करून भिंतीवर लावावा. बऱ्याचदा तिथेच ठरते, की जवळ एक डिस्क हवी आणि लांब एक प्रत हवी. जवळची लवकर उठण्यासाठी, लांबची जागाच गेली तर. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांची मूळ प्रत आणि राखीव प्रत एकाच धुरात गेली. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम याचसाठी : प्रती तीन, साठवणीचे प्रकार दोन, त्यातली एक प्रत दुसऱ्या जागी.

मग डिस्क की क्लाउड. तिथेही फसवे जुळे ओळखावेत. संगणकावरचे फोल्डर क्लाउडशी सतत जुळवत राहणारी सोय म्हणजे गिटलॅबचा दुसरा सर्व्हर. इथे पुसले की तिथे पुसले जाते. काही दिवस मागे जाता येते, तेही ती मुदत आपल्याला माहीत असेल तर. संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्कही तशीच. खंडणीखोर व्हायरस शिरला तर तो मूळ फाइलींबरोबर तिलाही कुलूप लावतो. प्रत काढून झाली की डिस्क सुटी करून कपाटात ठेवायची.

एवढे करूनही गिटलॅबच्या तिसऱ्या उपायाचे काय? तोही ‘दुसऱ्या जागी’च होता. नियमाप्रमाणे. फक्त रिकामा.

म्हणून कहाणीची उरलेली अर्धी. राजाच्या हुकुमाने आलेले दूध पोरांच्या तोंडचे काढून आणलेले होते, वासरांनाही ठेवले नव्हते. म्हातारीने आधी घरातल्यांना जेवू घातले, लेकरांना पाजले, वासरांना दिले, आणि उरलेले खुलभर दूध देवाला नेले. गाभारा भरला तो घरात कामी येऊन उरलेल्या दुधाने.

गिटलॅबची पाचवी प्रत योगायोगाने ताजी होती, हे खरे. ती चालणारी होती, यात मात्र योगायोग नव्हता. चार उपाय फक्त संकटासाठी राखून ठेवलेले होते आणि संकट येईपर्यंत त्यांना कोणी हात लावला नव्हता. पाचवीचे रोज काम पडे. ती रोज काढली जाई, रोज स्टेजिंगवर उतरे, आणि सकाळी त्या डेटावर माणसे कामाला बसत. ज्या पहाटे ती उतरली नसती, त्या पहाटेनंतर दोन तासांत कोणीतरी ओरडले असते, की स्टेजिंग बंद आहे. त्या ओरडण्याला ईमेल लागत नव्हती, डीमार्कची परवानगी लागत नव्हती.

तेव्हा बॅकअपला रोजच्या कामात एखादी जागा द्यावी. महिन्याचा अहवाल मूळ संगणकावरून काढण्याऐवजी परत उतरवलेल्या प्रतीवरून काढावा. नव्या मुलाला टॅली शिकवायची ती कालच्या बॅकअपवर. ऑडिटरला डेटा द्यायचा तो कपाटातल्या डिस्कवरून उतरवून. ज्या दिवशी प्रत उतरणार नाही, त्या दिवशी अहवाल अडेल, मुलगा तक्रार करेल, ऑडिटर फोन करेल. तो फोन आला, की घड्याळ उणे सहा तासांवर आहे असे समजावे. हातात वेळ आहे.